अंगणातली पाखरं : साखरपाणी कधी उतरवायचं?

ऑगस्ट संपत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच पक्षी असतो, हमिंगबर्ड, फुलातला मध पिणारा अमेरिकेतला इवलासा पक्षी. मी ह्यूस्टनच्या दक्षिणेला पेअरलंडमध्ये राहते आणि २००९ पासून मागच्या अंगणातल्या पाखरांची वही ठेवते आहे. त्यामुळे माझी उत्तरं टेक्सासच्या किनाऱ्याकडची आहेत. तुमच्याकडे तारखा मागेपुढे होतील, तेवढं धरून चाला.

ताई, शेजारच्या बाई म्हणाल्या की लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) झाला की फीडर, म्हणजे साखरपाण्याचं टांगतं भांडं, काढून ठेव, नाहीतर पक्षी खाण्याच्या ओढीने इथेच राहतील आणि थंडीत मरतील. तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. काढू का? (शुगर लँड)

काढू नका. अहो, आपल्याकडे खरी गर्दी तर लेबर डेनंतरच होते! माझ्या वहीत सगळ्यात जास्त नोंदी सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातल्या आहेत.

ही समजूत फार जुनी आहे आणि बोलणाऱ्यांच्या मनात पाखरांविषयी मायाच असते, म्हणून तुमच्या शेजारणीला नीट समजावून सांगा. हिवाळ्यासाठी दक्षिणेकडे निघायचं कधी हे हमिंगबर्ड आपल्या साखरेवरून ठरवत नाही. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या अंगातच बदल सुरू होतो. भूक वाढते, चरबी साठते, आणि मग तो निघतोच. समोर भरलेला फीडर असला तरी निघतो.

पूर्व अमेरिकेत घरटं करणारा हमिंगबर्ड एकच, रुबी-थ्रोटेड. नराचा गळा माणकासारखा लाल. (ऊन बरोबर पडलं तरच तो लाल दिसतो, एरवी काळा. त्या पिसांत लाल रंग नसतोच, सगळा उजेडाचा खेळ.) नर आधी निघतात. सप्टेंबरात आपल्याकडे दिसतात त्या बहुतेक पांढऱ्या गळ्याच्या माद्या आणि यंदाचीच पिल्लं. या पिल्लांना वाट दाखवायला आई-बाप बरोबर नसतात. दोन-तीन महिन्यांपूर्वी अंड्यातून निघालेलं पाखरू एकटं मेक्सिकोकडे, मध्य अमेरिकेकडे निघतं. मला आजही हे लिहिताना भरून येतं.

वजन सांगायचं तर तीनेक ग्रॅम, पेनीपेक्षा, म्हणजे एका सेंटच्या नाण्यापेक्षा, जरासं जास्त. निघण्याआधी ते जवळजवळ दुप्पट होतं. काही पाखरं किनाऱ्याकिनाऱ्याने जातात, काही सरळ मेक्सिकोच्या आखातावरून. आखात म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर पाणी, मध्ये बसायला फांदी नाही. वीसेक तास पंख थांबत नाहीत. हे सगळं अंतर त्या तीन ग्रॅम चरबीवर कापायचं, आणि त्यातली थोडी तुमच्या अंगणात साठते.

सप्टेंबरात उत्तरेचा पहिला वारा सुटला की पहाटे उठून बघा. आदल्या संध्याकाळी फीडरवर दहा-बारा पाखरांची झुंबड असते. पोटं इतकी फुगलेली की फांदीवर बसली की लिंबासारखी गोल दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही नाही. दुपारपर्यंत उत्तरेकडून नवी पाखरं येतात, हडकुळी, आणि पुन्हा तेच सुरू.

शेवटचं पाखरू दिसल्यानंतर दोन आठवडे तरी फीडर राहू द्या, कारण मागून येणारं पाखरू अशक्त किंवा उशिरा निघालेलं असू शकतं. आणि आपण किनाऱ्यालगत राहतो, तेव्हा एक फीडर हिवाळाभर ठेवलात तर उत्तमच. पश्चिमेकडचे रुफस हमिंगबर्ड आखाताच्या काठी हिवाळा काढतात. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या त्या भयंकर थंडीत माझ्याकडे एक रुफस मादी होती. मी दोन फीडर आलटून पालटून आत-बाहेर करत होते, एक गोठायला लागला की दुसरा लावायचा. ती टिकली.

जमलं तर एकदा सप्टेंबरात रॉकपोर्टला जाऊन या, गाडीने तीन-साडेतीन तास. तिथे कॉनी हेगर नावाच्या बाई १९३५ साली राहायला आल्या आणि वर्षानुवर्षं रोज ठरलेल्या वाटेने फिरून पाखरांच्या नोंदी करत राहिल्या. मोठमोठ्या पक्षीतज्ज्ञांना आधी त्या नोंदी खऱ्याच वाटेनात, स्वतः येऊन बघितल्यावर पटल्या. आज तिथे दर सप्टेंबरात हमिंगबर्डचा उत्सव भरतो. २०१७ च्या ऑगस्टअखेर हार्वे वादळ नेमकं रॉकपोर्टपाशीच जमिनीवर आलं. झाडांवर पान राहिलं नव्हतं, मग फूल कुठलं? आणि पाखरं तर वाटेवर होती. त्या वर्षी आम्ही ओळखीच्या एका घरी पाण्याचे कॅन आणि चार फीडर घेऊन गेलो. त्यांच्या घराचं छत गेलं होतं. तरी त्या गृहस्थांनी सामान उतरवायच्याही आधी फीडर टांगले.

सासूबाई आल्या आहेत. त्यांचं म्हणणं, पांढरी साखर माणसालासुद्धा वाईट, पाखरांना मध घाल नाहीतर सेंद्रिय गूळ. मला पटतंही आणि भीतीही वाटते. आणि बाजारात मिळतं ते लाल पाणी आणावं का? (प्लेनो)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. माणसाच्या बाबतीत त्यांचं बरोबर असेलही, पण या पाखरासाठी साधी पांढरी साखरच हवी. मध पाण्यात घातला की लवकर आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. गुळात आणि तपकिरी साखरेत लोह असतं, ते या पाखरांना बाधतं. पिठीसाखरेत स्टार्च मिसळलेला असतो, तीही नको.

एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. नळाचं पाणी चालतं. साखर विरघळण्यापुरतं कोमट करा, पाक करायचा नाही. पूर्ण गार झाल्यावर भरा. उरलेलं फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. फुलांतल्या मधात साधारण एवढीच साखर असते, म्हणून हे प्रमाण. "थंडी येतेय, जरा दाट करूया" असंही नको.

लाल रंग अजिबात नको. फीडरची प्लॅस्टिकची फुलं लाल असतात, तेवढं पाखराला पुरतं. ते लाल पाणी आणण्यात पैसेही जातात.

खरी मेहनत धुण्याची आहे. पाणपोई घातली की रोज रांजण घासावा लागतो, तसंच हे. टेक्सासच्या उन्हात एक दिवसाआड पाणी बदला, फारच उकडत असेल तर रोज. २०११ च्या दुष्काळात, फुलं करपून गेलेली असताना, आम्ही गणपतीला चार दिवस डॅलसला नातेवाइकांकडे गेलो. निघताना मी फीडर काठोकाठ भरले, पाखरांची सोय झाली असं समजून. परत आले तर पाणी दुधासारखं गढूळ आणि भोकांच्या कडांना काळी बुरशी. एक पिल्लू त्याच्यावर बसून पीत होतं. मला फार लागलं ते. तेव्हापासून गावाला जाताना फीडर रिकामे करून, धुऊन ठेवते किंवा शेजारी किल्ली देते. आणि कधीच काठोकाठ भरत नाही, अर्धी वाटी पुरे. गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश घ्या. फुलाच्या भोकांसाठी मी पाईप साफ करायची बारीक तार वापरते.

मुंग्यांचं विचारलं नाहीत, पण विचाराल! लाडवांचा डबा आपण पाण्याच्या परातीत ठेवतो ना, तीच युक्ती. फीडर ज्या आकड्याला टांगता त्यावर, फीडरच्या वर, पाण्याची छोटी वाटी येते. मुंगी ती ओलांडत नाही. तारेला तेल किंवा ग्रीस फासू नका. पिसांना लागलं तर पाखराला ते काढता येत नाही.

आणि नुसत्या साखरेवर पाखरू जगत नाही. साखर म्हणजे इंधन, अंग भरायला किडे लागतात. चिलटं, बारीक कोळी, डास. म्हणून औषध फवारणाऱ्याला सप्टेंबरात तरी अंगणात येऊ देऊ नका. सासूबाईंना एक काम द्या: केळीची सालं जाळीच्या पिशवीत घालून फीडरजवळ टांगायची. दोन दिवसांत चिलटं जमतात आणि पाखरं हवेतल्या हवेत ती टिपतात. त्यांना बघायला फार आवडेल.

आमच्याकडे एकच पाखरू आहे आणि ते दुसऱ्या कुणाला फिरकू देत नाही. दिवसभर मारामारी. काय करावं? (ऑस्टिन)

त्याचा राग करू नका, तो आपलं पोट राखतोय. फुलांच्या जगात एक झुडूप राखलं तरच निभाव लागतो, ती सवय आहे. एक मोठा फीडर काढा आणि तीन-चार छोटे लावा, एकापाशी बसून दुसरा दिसणार नाही असे. एक घराच्या पुढे, एक मागे, एक झाडाआड. एकाला सगळ्यांवर पहारा ठेवता येत नाही. जागा असेल तर टर्क्स कॅप लावा. ते टेक्सासचंच झुडूप, जास्वंदीच्या कुळातलं, फूल कायम मिटलेलंच. सावलीत वाढतं आणि थंडी पडेपर्यंत फुलतं. माझ्याकडे फीडरपेक्षा त्याच्यावर जास्त पाखरं असतात, आणि तिथे भांडणंही कमी.

फीडरवर हिरवा प्रार्थनाकीटक (प्रेइंग मँटिस) बसलेला दिसला तर मात्र उचलून लांबच्या झुडपावर ठेवा. तो हमिंगबर्ड पकडून खातो.

न्यू जर्सीत मुलाकडे फीडर आहे. त्याने दसऱ्याच्या सुमारास काढला. इकडे कोथरूडला परतल्यावर माझ्या बाल्कनीतल्या सदाफुलीवर अगदी तसाच, भुर्रर्र आवाज करत हवेत थांबणारा छोटा हमिंगबर्ड दिसला. आपल्याकडेही येतात का? (पुणे)

मुलाने बरोबर केलं. न्यू जर्सीतून रुबी-थ्रोटेड ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत निघून जातात. मात्र पुढच्या वर्षी एक फीडर नोव्हेंबरापर्यंत ठेवायला सांगा. उशिरा आलेला हमिंगबर्ड बऱ्याचदा पश्चिमेकडचा वाट चुकलेला असतो.

तुम्ही बघितलात तो पक्षी नव्हे, हॉक मॉथ जातीचा पतंग. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत. पण फसायला होतं हे खरं, कारण हा पतंग दिवसाढवळ्या येतो, तसाच हवेत थांबतो आणि लांब सोंड फुलात घालतो. पुन्हा आला की डोकं बघा. दोन मिशा दिसतील, आणि फुलापासून दूर झाला की सोंड गुंडाळली जाईल. पक्ष्याची चोच गुंडाळली जात नाही.

फुलातला मध पिणारा आपल्याकडचा पक्षी म्हणजे शिंजीर, पण तोही हमिंगबर्डचा नातेवाईक नाही. नातं आहे ते पाकोळीशी! जुन्या देवळांच्या छताखाली घरटी करणारी, दिवसभर आभाळात असणारी आपली पाकोळी. दोघींचेही पाय इवलेसे, जमिनीवर चालता येत नाही. बाल्कनीत साखरपाणी लावू नका, त्याची गरज नाही. सदाफुली आहेच, जागा असेल तर एक जास्वंद वाढवा. शिंजीर येईल.

काल हमिंगबर्ड गॅरेजमध्ये शिरला आणि छतालाच घिरट्या घालत राहिला. दार सताड उघडं होतं तरी बाहेर जाईना. शेवटी संध्याकाळी मरून पडला. मुलगी खूप रडली. आम्ही काय करायला हवं होतं? (केटी)

तुमच्या मुलीला सांगा, तुमची चूक नाही. हे इथे फार घडतं आणि त्याचं कारण कुणी सांगत नाही. गॅरेजच्या दाराच्या यंत्राला दोरीवर एक लाल मूठ लोंबते ना? पाखराला ती फुलासारखी वाटते. आत आल्यावर घाबरलं की ते वरच उडतं, आणि दार तर खाली. वर वर फिरत राहतं आणि थकतं. त्याला इतकं खावं लागतं की काही तासांचा उपासही जिवावर येतो.

असं पुन्हा झालं तर लाल मूठ झाका, आतले दिवे बंद करा, सगळी दारं पूर्ण उघडा आणि फीडर दाराच्या चौकटीत, उजेडात टांगा. मग सगळ्यांनी घरात जायचं. हात हलवून, झाडू घेऊन हाकलू नका.

खाली पडलं असेल पण जिवंत असेल तर दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्या. माझ्या गॅरेजमध्ये एकदा असंच पिल्लू पेंटच्या डब्यांमागे पडलेलं सापडलं. हातात काही आहे असं वाटतच नव्हतं. फक्त एक थरथर, मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखी, ती त्याच्या काळजाची. डोळे मिटलेले, पाठीवर कोळिष्टक. मी त्याला अंगणात आणलं आणि चोचीचं टोक फीडरच्या भोकाशी धरलं. थोडा वेळ काहीच नाही. मग जीभ बाहेर आली, दोऱ्यासारखी, पांढुरकी, टोकाला दुभंगलेली. भराभर आत-बाहेर होऊ लागली. तीन वेळा थांबून थांबून प्यायलं, डोळे उघडले, मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि सरळ वर, ओकच्या फांदीवर जाऊन बसलं. साखरपाणी पिसांना लागू देऊ नका, एवढी काळजी घ्या. उडालं नाही तर जवळच्या वन्यजीव पुनर्वसन केंद्राला फोन करा. ही पाखरं घरात ठेवायला कायद्याने बंदी आहे.

आज संध्याकाळी मुलीला शिडीखाली उभी करा, तिच्या हातात काळी इलेक्ट्रिकल टेप द्या आणि ती लाल मूठ पूर्ण गुंडाळून टाका. अजून महिनाभर पाखरं येत राहणार आहेत.