मावशी, एकही काम पुरं होत नाही

जुळे सोलापुरातून एका मैत्रिणीचं लांबच लांब पत्र आलंय, सगळं छापलं तर मला लिहायला जागाच राहणार नाही म्हणून थोडक्यात सांगते. वय तेहेतीस, फिल्म एडिटर. मुंबईत बरीच वर्षं सिरियल, वेबसिरीज केल्या, लग्नानंतर सोलापूरला आली आणि आता घरूनच एडिट करते, फायनल मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची शेवटची जुळणी, असली की सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं रात्रीतून मुंबई. आणि सोबतीला विणकाम, शिवणकाम. आता तिच्याच शब्दांत: "कपाटात दोन अर्धे स्वेटर, तीन कापून ठेवलेले कुर्ते आणि बाबांच्या जुन्या शर्टांची वाकळ, तीही अर्धी. भावाच्या बाळाचा स्वेटर तर तीनदा उसवला. सासूबाई म्हणतात दिवसभर टीव्ही बघते आणि रात्री सुया घेऊन बसते. वर माझं अर्धवट शिवण मला न विचारता पुरं करून टाकतात. परवा व्हिडिओ कॉलवर डिरेक्टरनं माझ्या हातात सुया बघितल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, मॅडम एडिट चालू आहे की स्वेटर? मला इतकी लाज वाटली. मावशी, एडिटिंग सोडून हाताने केलेल्या वस्तूंचं छोटं दुकान टाकू, का सुया माळ्यावर टाकू?" खाली ता.क. मध्ये दोन गोष्टी, उजवं मनगट दुखतंय आणि बाळाच्या स्वेटरला बटणं कुठली लावू.

अगं, दुकानाचं आधी उरकते कारण त्यात फार बोलण्यासारखं काही नाही. बाळाच्या एका स्वेटरला तीसेक तास जातात असं तूच लिहिलंयस. तीस तास एडिट केलं तर काय मिळतं तो आकडा काढ, त्यात लोकरीचे पैसे घाल आणि ती किंमत सांगून बघ कोण घेतंय ते. लुधियानाचा मशीनवरचा स्वेटर थंडीत रस्त्याकडेच्या स्टॉलवर ढिगानं पडलेला असतो, त्याच्याशी तुझ्या दोन सुया कुठवर भांडणार? आणि सोलापूरची थंडी ती केवढी, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत चार दिवस शाल अंगावर घेतली की पुढच्या महिन्यात पंखे सुरू. त्यात विकायला बसलीस की रंग गिऱ्हाईक सांगणार, गळा गिऱ्हाईक सांगणार, म्हणजे ज्याला कंटाळून पळायलीस तेच परत घरात. तेव्हा दुकान नको. सुया माळ्यावर पण नकोत.

मला पत्रात अडलं ते वेगळंच. तीनदा उसवला. का उसवला तेही तू लिहिलंयस, पहिल्यांदा गळा सैल झाला, दुसऱ्यांदा खालून पाचव्या ओळीत एक टाका उलट पडला होता, आणि तिसऱ्यांदा "असंच, काहीतरी खटकत होतं". पहिलं कारण बरोबर आहे, गळा चुकला तर उसवावाच लागतो. दुसऱ्याला मी कपाळावर हात मारला. आणि तिसरं तर विणणारीचं नाहीच, ते एडिटरचं आहे! तुझ्या कॉम्प्युटरवर "फायनल", "फायनल २", "फायनल खरंच फायनल" अशा फायली असणार, मी न बघता सांगते. टाइमलाइनवर, म्हणजे स्क्रीनवर तू कट लावतेस त्या पट्टीवर, उसवायला काही पडत नाही ना, बटण दाबलं की मागं, परत दाबलं की पुढं, दहा कट करून बघ आणि अकरावा ठेव. तोच हात रात्री लोकरीवर चालायलाय.

पूर्वी हे असं नव्हतं बघ. फिल्मची पट्टी हातानं कापायचे तेव्हा सेकंदाला २४ चौकटी, आणि फिल्मचं सिमेंट, म्हणजे एक प्रकारचा गोंद, लावून जोड दिला की जोडाच्या जागची चौकट जायची, परत उघडून परत जोडला की अजून जायची. म्हणून कापायच्या आधी माणूस विचार करायचा. लोकर त्या पट्टीच्या जातीची आहे, तुझ्या सॉफ्टवेअरच्या नाही. एकदा उसवली तर चालतं, दोनदा तीनदा उसवली की केसाळ होते, ताणते, आणि सुती धागा असेल तर त्याचे पदर सुटायला लागतात आणि सुई मधूनच घुसते. म्हणजे चौथ्यांदा विणशील तो स्वेटर पहिल्यापेक्षा वाईटच दिसणार, कितीही सरळ टाके घाल.

आता यावर उपाय काय तर उसवायची गरजच कमी कर. गळ्याला किंवा मुंढ्याला हात घालायच्या आधी सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा साधा शिवणाचा दोरा ओवून ठेव आणि मग पुढं विण, गडबड झाली तर उसवताना त्या दोऱ्यापाशी येऊन थांबतं सगळं, खालचा भाग जातच नाही. तू मोठा बदल करायच्या आधी प्रोजेक्टची कॉपी सेव्ह करतेस की नाही, तेच हे. टाका निसटून खाली गेला असेल तर अख्खी ओळ कशाला उसवायची, क्रोशाची सुई खालून घाल आणि पायरी पायरीनं एकच टाका वर आणून ठेव. उलटचा सुलट पण असाच होतो, त्या टाक्याच्या रांगेतून तेवढाच एक टाका खालपर्यंत सोडायचा आणि बरोबर तोंडानं परत चढवायचा. आणि ते जे "खटकतं" ना, टाके कमीजास्त दिसतात, कडा वाकडी वाटते, त्यातलं बरंचसं पहिल्या धुण्यात जातं. कोमट पाण्यात भिजव, पिळू नको, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि मापाला ओढून सपाट वाळत घाल. टॉवेल तर आपल्याकडं घरोघरी चांगलेच असतात, सोलापुरात टॉवेलला काय तोटा. वाळला की बघ, मग ठरव.

तुमच्यात पिक्चर लॉक म्हणतात ना, लॉक झालं की नंतर कुणी कटला हात लावायचा नाही, मग साउंडवाला, कलरवाला आपापलं काम सुरू करतो. आता विचार कर, तुझ्या कामात लॉक कोण देतं? डिरेक्टर, प्रोड्युसर, चॅनल. तू कधी दिलंयस का? सतत दुसऱ्यानं "झालं" म्हणायची सवय लागली की स्वतःच्या कामाला झालं म्हणायचं कसं तेच कळत नाही, म्हणून कपाट भरलंय, तुला शिस्त नाही वगैरे म्हणून नाही. तेव्हा बाळाच्या स्वेटरला तू लॉक दे. तो आधी, कारण बाकीचे कपडे थांबतील, बाळ थांबणार नाही. आणि आत्ताच्या मापाचा विणू नको बाई, पुढच्या थंडीला ते केवढं असेल त्या मापाचा विण, थोडा मोठा झाला तर बाही दुमडता येते, लहान झाला तर कुणाला तरी देऊन टाकावा लागतो.

वाकळीला मात्र हा नियम नाही. बाबांच्या शर्टांना तारीख लावू नको. वर्षात दोन तुकडे जोडलेस तरी चालतंय.

आता सासूबाई. हे तू जाता जाता लिहिलंयस पण मला वाटतं खरा सल इथं आहे. कुर्त्याची बाही जोडून, खालची तुरपाई करून त्यांनी घडी घालून ठेवला आणि तू लिहितेस, "माझ्यापेक्षा छान झालेला, आणि त्याचाच राग आला." राग येणारच गं. दिवसभर तुझ्या कटमध्ये दहा जण बोटं घालतात, रात्री एक गोष्ट आपली म्हणून घेतली तर तिथं पण कुणीतरी आहेच. पण तूच खाली लिहिलंयस की त्या पूर्वी युनिफॉर्मच्या कारखान्यातून शर्टाच्या कॉलरी घरी आणून शिवायच्या. आता बघ, या गावात किती बायकांनी त्यावर घर चालवलंय, निम्म्या महाराष्ट्रातली पोरं सोलापूरचा युनिफॉर्म घालून शाळेत जातात असं आपण उगाच नाही म्हणत. त्या कामात डझनावर मजुरी. कापलेला माल मशीनशेजारी पडून राहिला म्हणजे पैसे अडकले. त्यांना तुझ्या तीन कुर्त्यांकडं बघून चैन कसं पडणार? त्या तुझ्यात लुडबुड करत नाहीयेत, त्यांच्या हाताला अर्धं काम बघवतच नाही.

म्हणून सरळ वाटणी कर. कुर्ते उचल आणि त्यांच्या हातात दे, "आई, हे तुम्हीच करा, मला बाही बसवायला जमत नाही" म्हण, खोटं नाहीये ते. आणि त्याच दमात सांग की बाबांच्या शर्टाला आणि बाळाच्या स्वेटरला हात लावायचा नाही, ते माझं आहे. गोड बोलून पण स्पष्ट. मनात धरून बसलीस तर एक दिवस वाकळ पुरी होऊन समोर येईल, मग काय करशील?

आणि टीव्ही बघते म्हणतात त्यावर चिडू नको, त्यांना बोलाव आणि खुर्चीवर बसव. एक सीन आधी कच्चा दाखव, तोच डायलॉग सहा वेळा, मध्येच कुणीतरी क्लॅप मारतंय, मागं गाडीचा हॉर्न. मग तू कापलेला दाखव. आणि विचार त्यांना, आई, इथं हिचा चेहरा ठेवू का त्याचा? जिनं आयुष्यभर जोड लपवले तिला जोड दिसतो बरोबर. पुढच्या वेळी शेजारच्या काकूंना त्याच सांगतील की आमच्या सूनबाईचं काम लई किचकट असतं म्हणून.

डिरेक्टरचं सोपं आहे. मूकपटांच्या काळात अमेरिकेत फिल्म कापायला, चिकटवायला पुष्कळ बायका होत्या, कारण हे शिवणकामासारखं बारीक, बसून करायचं काम, म्हणजे बायकांचं, असं पुरुषांना वाटायचं. त्यातलीच मार्गारेट बूथ, १९१५ च्या सुमाराला पट्ट्या चिकटवायला लागली, पुढं हॉलिवूडच्या एमजीएमसारख्या स्टुडिओत एडिटिंगची मुख्य झाली आणि १९७८ मध्ये तिला मानद ऑस्कर मिळालं. आपल्याकडं पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमधून निघालेल्या रेणू सलुजांनी एडिटिंगची चार राष्ट्रीय पारितोषिकं घेतली. तेव्हा सुईदोऱ्यावरनं एडिटरला टोमणा मारणाऱ्याला आपल्या धंद्याची माहिती कमी आहे एवढंच समज, लाज तुला कशाला. पण एक सांगू का, तो नोट्स देत असताना सुया खालीच ठेव. तू ऐकत असतेस मला माहितेय, समोरच्याला ते दिसत नाही. रेंडर लागलंय, एक्स्पोर्ट चाललंय, प्रॉक्सी बनतायत, म्हणजे कॉम्प्युटर आपलं आपलं काम करतोय आणि तू नुसती थांबलीयस, तेव्हा खुशाल विण. आणि त्यावेळी साधं, सगळ्या ओळी सुलट अशी वीण घे, जी बघावी लागत नाही. गळाबिळा तिथं नको.

मनगटाचं हसण्यावारी नेऊ नकोस. माऊस आणि सुया एकाच हाताला, त्याच शिरांना राबवतात, एडिट करून थकलेला हात विणकामानं मोकळा होत नाही, उलट दुप्पट थकतो. ज्या दिवशी दहा तास माऊस धरला त्या रात्री विणू नको, पाहिजे तर दुसऱ्या दिवसाचं कापड बेतून ठेव. कीबोर्डचे शॉर्टकट वाढव, माऊस थोडे दिवस डाव्या हातात घेऊन बघ, आधी वैताग येतो मग जमतं. सोलापूरच्या हवेला सूतच बरं, लोकर टोचते, पण सूत लोकरीसारखं ताणत नाही म्हणून हाताला जास्त ओढ बसते, त्यामुळं घट्ट विणू नको आणि गोल वायरची सुई घे, म्हणजे विणलेल्याचं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. डोळ्यांचं पण तेच, स्क्रीन जवळ आणि सुया पण जवळच, मधून मधून गच्चीत जाऊन लांब बघत जा. आणि रात्री बोटं बधिर होत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर मला पत्र लिहीत बसू नकोस, हाडाच्या डॉक्टरकडं जा.

बटणं म्हणशील तर पुढं ओळीनं नको, बाळ आधी तेच तोंडात घालतं. एका खांद्यावर दोन, चपटी, मोठी, दुहेरी दोऱ्यानं शिव, बटणाखाली दोऱ्याचे चार वेढे घे आणि मग गाठ मार, लावून झाल्यावर जोरात ओढून बघ. मोती, टिकल्या, नाडीचे गोंडे काही नको. धू, वाळव, भावाला पाठव, आणि पाठवायच्या आधी परत उलटून बघायचं नाही.

तुझी,
मावशी