वाचकांचे प्रश्न: सिरीयल ड्रायव्हरचा रिव्ह्यू करताना काय बघायचं?

प्रश्न: मी सी बरीच वर्षं लिहितोय पण कर्नलमध्ये नवखा आहे. टीममधल्या एकाने नव्या चिपच्या यूएआरटीसाठी (म्हणजे सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या हार्डवेअरसाठी) लिनक्सचा ड्रायव्हर लिहिलाय आणि रिव्ह्यू माझ्या गळ्यात पडलाय. चेकपॅच (कर्नलच्या कोडची स्टाइल तपासणारी स्क्रिप्ट) एकही वॉर्निंग देत नाही, बूट लॉग नीट दिसतो, लूपबॅक टेस्टही (पोर्टने पाठवलेलं त्याच पोर्टवर परत घ्यायचं) पास आहे. मग मी बघू तरी काय?

उत्तर: सगळ्यात आधी हे विचारा की हा ड्रायव्हर मुळात हवाच कशाला. डेटाशीट उघडून रजिस्टरं बघा, कारण बऱ्याच "नव्या" यूएआरटी आतून 16550 या जुन्या यूएआरटी चिपसारख्याच निघतात, रजिस्टरांमधलं अंतर नाहीतर फिफोची (बाइट रांगेत ठेवणाऱ्या छोट्या बफरची) साइज तेवढी वेगळी, आणि त्यांच्यासाठी कर्नलमधला 8250 ड्रायव्हर कधीचा तयार आहे, डिव्हाइस ट्रीमध्ये (कर्नलला हार्डवेअरचं वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) दोन-चार प्रॉपर्टी दिल्या की काम भागतं. तसं निघालं तर रिव्ह्यू तिथेच संपला. लिहिणाऱ्याला वाईट वाटेल, वाटू दे.

तसं नसेल तर पुढे. बूट लॉग दिसतो याला फार भाव देऊ नका. कर्नलचे मेसेज बहुतेक ड्रायव्हरमध्ये कन्सोलच्या राइट फंक्शनमधून जातात, ते स्टेटस बिट बघत एकेक कॅरेक्टर ढकलत बसतं, तिथे ना इंटरप्ट ना स्टार्ट_टीएक्स (ड्रायव्हरचं पाठवणं सुरू करणारं फंक्शन). युजरस्पेसमधून कोणी पोर्टवर लिहिलं की खरा रस्ता सुरू होतो, आणि खरी गोम तिथेच असते.

स्टार्ट_टीएक्स आणि स्टॉप_टीएक्स, दोन्ही बोलावताना सिरीयल कोअरने (सगळ्या सिरीयल ड्रायव्हरांच्या वरचा कर्नलमधला सामाईक कोड) पोर्टचं लॉक आधीच घेतलेलं असतं. आता लोक काय करतात, फिफो भरायचं एक हेल्पर फंक्शन लिहितात, लॉक त्याच्या आतच घेतात, इंटरप्ट हँडलरमधून ते मस्त चालतं म्हणून तेच स्टार्ट_टीएक्समधूनही बोलावतात, आणि तिथे लॉक दुसऱ्यांदा मागितलं की सीपीयू जागीच अडकतो. मजा म्हणजे एकाच सीपीयू कोअरसाठी बिल्ड केलेल्या कर्नलमध्ये स्पिनलॉक फक्त इंटरप्ट बंद करून मोकळं होतं, त्यामुळे तिथे हा बग दिसतच नाही. म्हणून टेस्ट कुठल्या कर्नलवर केली ते विचारा आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून पुन्हा चालवायला सांगा. कन्सोलच्या राइटमध्ये उलटी गोष्ट बघायची: कर्नल कोसळत असताना लॉक दुसऱ्या कोणाकडे अडकलेलं असू शकतं, तेव्हा ट्रायलॉक (लॉक मिळालं तर घ्यायचं, नाहीतर न थांबता पुढे जायचं) नसेल तर जो मेसेज सगळ्यात जास्त हवा होता नेमका तोच बाहेर पडणार नाही.

मग सेट_टर्मिऑस, म्हणजे स्पीड वगैरे सेट करणारं फंक्शन, आणि इथे कॅल्क्युलेटर घेऊन बसा. समजा यूएआरटीचा क्लॉक 24 मेगाहर्ट्झ आहे आणि सॅम्पलिंग 16 पट. 115200 स्पीडसाठी डिव्हायझर (क्लॉकला 16 आणि स्पीडने भागून येणारा आकडा) येतो 13.02, तो 13 केला तर चूक जेमतेम 0.16 टक्के, काहीच त्रास नाही. पण 921600 ला येतो 1.63, तो राउंड होऊन 2 झाला की प्रत्यक्षात स्पीड 750000, म्हणजे 18 टक्क्यांहून जास्त कमी, समोरच्याला नुसता कचरा दिसणार. कमाल मर्यादा 15 लाख दिलेली असेल तर सिरीयल कोअर हा रेट बिनतक्रार मान्य करतो. आणि लूपबॅकमध्ये हे कधीच पकडलं जात नाही, पाठवणारा आणि घेणारा एकाच चुकीच्या क्लॉकवर चालतायत ना! दुसऱ्या डिव्हाइसला जोडून टेस्ट करायला लावा.

टीएक्स_एम्प्टी, म्हणजे सगळं पाठवून झालं का ते सांगणारं फंक्शन, छोटंसं आहे म्हणून सगळे सोडून देतात. फिफो रिकामा झाला म्हणजे बाइट तारेवरून गेला असं नाही, शेवटचा बाइट अजून शिफ्ट रजिस्टरमध्ये असतो आणि 9600 ला तो बाहेर पडायला साधारण 1 मिलीसेकंद लागतो. ड्रायव्हरने फक्त फिफोचा बिट बघितला तर टीसीड्रेन (सगळं बाहेर जाईपर्यंत प्रोग्रॅमला थांबवणारा कॉल) लवकर परत येतं, प्रोग्रॅम आरएस-485 ची (पाठवणं आणि घेणं एकाच तारांच्या जोडीवर आळीपाळीने करणाऱ्या लाइनची) दिशा फिरवतो आणि शेवटचा बाइट अर्धवट तुटतो. हा बग शोधताना लोक आधी केबलच बदलत बसतात.

स्टेटस बिटची वाट बघणाऱ्या लूपला टाइमआउट आहे का, शेअर्ड इंटरप्टवर आपलं काम नसताना हँडलर तसं सांगतो का, हेही बघून घ्या. स्पेसिंग आणि नावं सगळ्यात शेवटी.

प्रश्न: आमच्या ड्रायव्हरसाठी हेडरमध्ये नवीन पोर्ट टाइपचा नंबर टाकला होता, मेंटेनर (कर्नलचा तो भाग सांभाळणारे) म्हणतात काढा. का?

उत्तर: कारण ती फाइल युजरस्पेसला दिसते, एकदा गेलेला नंबर मागे घेणं अवघड. तुमचा एखादा प्रोग्रॅम खरंच त्या नंबरवर अवलंबून आहे का? बहुतेक नसतो. पोर्ट_जेनेरिक वापरा, ते यासाठीच आहे. फक्त टाइप शून्यच राहू देऊ नका, शून्य म्हणजे अज्ञात पोर्ट, आणि मग पोर्ट उघडला तरी रीड-राइटला एररच मिळतो.