वाचकांचे प्रश्न : वाडगा तडकतो, उपाय काय?

प्रश्न : ओल्या लाकडाचा वाडगा लेथवर कातून ठेवला की काही दिवसांत तडे जातात. काय चुकतं?

उत्तर : आधी ओंडक्याचा मधला गाभा पूर्ण काढलात का ते बघा. तो वाडग्यात राहिला, तर तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. मग वाडगा दोनदा कातायचा. पहिल्यांदा भिंत व्यासाच्या दहाव्या भागाइतकी जाड ठेवा. २५ सेंमीच्या वाडग्याला अडीच सेंमी. बूडही तेवढंच हवं, जाड बूड हमखास दगा देतं. वाळताना लाकूड त्याच्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने जास्त आकसतं, त्यामुळे वाडगा लंबगोल होणारच. जादा जाडी त्यासाठीच. जिथे लाकडाचे तंतू आडवे कापले जाऊन त्यांची टोकं उघडी पडतात, त्या भागांवर मेण फासून वाडगा कागदी पिशवीत ठेवा. दर आठवड्याला वजन करा. ते घटायचं थांबलं की दुसऱ्यांदा काता.