तारुण्य नेमके कोणत्या वयात संपते?

बत्तिसावे वर्ष लागल्यापासून घरातील माणसे ‘तुझे तारुण्य आता संपले’ असे म्हणतात, ते खरे मानावे का, असे तुम्ही विचारले आहे. मानू नये. हेच वाक्य मी चौतिसाव्या वर्षी ऐकले, खरे मानले आणि त्यापायी नऊ वर्षे घालवली.

मला पोहायला शिकायचे होते. तसे दादाला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “ते वय गेले आता. पंचविशीनंतर अंग वळत नाही.” तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. रागाने बोलला असता तर मी भांडले असते. परंतु त्याच्या स्वरात काळजी होती आणि काळजीपोटी सांगितलेली गोष्ट खोडून काढणे मला कधी जमले नाही. भरलेला अर्ज वहीत तसाच राहिला.

त्रेचाळिसाव्या वर्षी औषधाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्यासाठी हात लांब धरावा लागू लागला, म्हणून डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी समजावून सांगितले की डोळ्यातील भिंग लहानपणापासूनच हळूहळू ताठर होत असते. दहा वर्षांच्या मुलाला 7-8 सेंटीमीटरवरची अक्षरेही स्पष्ट दिसतात, पुढे हे अंतर वाढत जाते आणि पुस्तक धरण्याच्या अंतरापलीकडे गेले की आपल्याला चाळिशी लागते. म्हणजे जिला आपण चाळिशी म्हणतो, तिची सुरुवात मी शाळेत असतानाच झाली होती आणि तेव्हा मला कोणीही म्हातारी म्हटले नव्हते. उलट हाडांची घनता साधारण तिशीच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणजे दादाने ठरवलेल्या पंचविशीत माझी हाडे अजून भरतच होती. चष्मा लागल्याचे मला दुःख झाले नाही. त्या नऊ वर्षांचे झाले, आणि अजूनही होते.

वयाची मोजणीही सर्वत्र एकसारखी नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी 15 ते 24 वयाच्या व्यक्तींना युवा धरतो, तर 2006 च्या आफ्रिकी युवा सनदेत ही मर्यादा 35 पर्यंत आहे. दादा बोलला त्या दिवशी एका मोजणीनुसार माझे तारुण्य दहा वर्षांपूर्वी संपले होते आणि दुसरीनुसार ते शिल्लक होते. या मर्यादा आकडेवारी आणि धोरणांच्या सोयीसाठी आहेत. माणसाने काय शिकावे, हे त्यांनी ठरवू नये.

डोळे तपासून घेतले त्याच महिन्यात मी पोहण्याच्या वर्गात नाव घातले. सोबतची विशीतील मुले तीन आठवड्यांत तरली; मला श्वासाची लय सापडायलाच पाच महिने लागले. अंग उशिरा वळले, पण वळले.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मूल होऊ देण्यासारख्या काही बाबतींत, विशेषतः स्त्रियांच्या शरीराला, वयाची खरी मर्यादा असते. तो निर्णय माझ्या उदाहरणावरून घेऊ नका. हृदयाचा काही त्रास असेल, तर व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. बाकी जे शिकायचे आहे, त्यासाठी घरातल्यांची संमती मिळेपर्यंत थांबू नका.

दादा आता चौपन्न वर्षांचा आहे. गेल्या वर्षी मी त्याच्याजवळ हा विषय काढला, तेव्हा ‘तुझ्या काळजीपोटीच बोललो होतो’ असे तो म्हणाला. काळजी होती, हे मी मान्य करते. सल्ला चुकीचा होता, हे त्याने अजून मान्य केलेले नाही, आणि ते त्याने करावे असे मला वाटते.