उधारीचा भाव, बँकेचं व्याज आणि कुवेतच्या भावाचे दहा लाख

प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणला विजेच्या सामानाचं दुकान आहे. गणपतीआधी पंखे, मिक्सर, गीझर, इन्व्हर्टर असा आठ लाखांचा जादा माल भरायचा आहे. चालू खात्यात स्वतःचे तीन लाख मोकळे आहेत. बँक ११ टक्क्यांनी सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तेवढी उचल आणि तेवढ्यावरच व्याज) द्यायला तयार आहे, वर्षाचा प्रोसेसिंग खर्च ६,००० रुपये. होलसेलवाला म्हणतो, रोख घ्या तर १००, नव्वद दिवसांच्या उधारीवर १०३. कुवेतला असलेला चुलत भाऊ दहा लाख देतो, पण त्याला दरमहा १५,००० 'नफा' हवा. नाहीतर एका 'हलाल स्कीम'मध्ये त्याला महिना दोन टक्के मिळतात म्हणे. मुसलमान म्हणून व्याज नको हे तुमचं पक्कं आहे. तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: "होलसेलवालाही मुदतीचेच तीन रुपये घेतो, मग बँकेत आणि त्याच्यात फरक काय? आणि धर्म पाळायचा तर मला नुकसान किती?"

फतवा देणं माझं काम नाही. अंतिम शब्द तुमच्या मुफ्तीसाहेबांचा. पण फिकहची, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याची, मोठी चौकट सर्वांना माहीत असलेली आहे आणि तिच्यात राहून आकडेमोड करता येते, ती करू.

आधी नुकसानीचा हिशोब. आठ लाखांच्या मालावर तीन टक्के म्हणजे २४,००० रुपये जादा. तेच आठ लाख सीसीतून नव्वद दिवस वापरले तर ११ टक्क्यांनी व्याज साधारण २१,७०० होतं. त्यात तिमाहीच्या वाट्याचे प्रोसेसिंगचे १,५०० धरले की २३,२००. फरक आठशे रुपयांचा. महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, घराचं गहाणखत, दरवर्षीचं नूतनीकरण यांत जाणारा तुमचा वेळ मी पकडलेलाच नाही. तेव्हा पूर्ण नव्वद दिवस लागणारा माल असेल तर व्याज टाळल्याने तुमचं काही बिघडत नाही.

बिघडतं ते लवकर खपणाऱ्या मालात. साठ दिवसांत पैसे मोकळे झाले तर सीसीचं व्याज १४,५०० वर थांबतं. उधारीच्या भावातले २४,००० मात्र तेवढेच राहतात. मुदतीआधी पैसे दिले तर अमुक सूट, अशी अट आधीच करारात घालणं बहुसंख्य फकीह (फिकहचे जाणकार) मान्य करत नाहीत. होलसेलवाल्याने त्या वेळी आपखुशीने काही सोडलं तर हरकत नसते, पण आपखुशीवर बजेट बांधू नये.

आता फरक काय, ते. कुराणात सूरह बकराच्या २७५व्या आयतीत व्यापार हलाल आणि रिबा (व्याज) हराम, हे एकाच दमात सांगितलंय. आणि 'व्यापारही रिबासारखाच की' हा आक्षेपही तिथेच नोंदवलाय. म्हणजे तुमची शंका नवी नाही. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त ठेवायला चारही सुन्नी मजहबांच्या (फिकहच्या परंपरांच्या) बहुसंख्य फकीहांची मान्यता आहे. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनेही १९९० च्या ठरावात हप्त्यांच्या विक्रीत जास्त किंमत चालते असं म्हटलं. अटी मात्र कडक. सौदा होतानाच एक भाव ठरला पाहिजे. 'रोख दिले तर १००, जमलं नाही तर १०३' असं मोघम ठेवून माल उचलला तर तो एका सौद्यात दोन सौदे झाला, आणि त्याला हदीसमध्ये मनाई आहे. माल खरा असला पाहिजे, विकणाऱ्याच्या मालकीचा आणि ताब्यातला असला पाहिजे. आणि एकदा ठरलेला भाव नंतर एका पैशाने वाढता कामा नये.

हिशोबनीस म्हणून मला ही तिसरी अट सगळ्यांत मोलाची वाटते. पहिले नव्वद दिवस बँक आणि होलसेलवाला जवळजवळ सारखेच दिसतात. खरा फरक एक्क्याण्णवाव्या दिवशी कळतो. बँकेचं मीटर चालू राहतं. उधारीच्या विक्रीत देणं ८,२४,००० वर गोठलेलं असतं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत ज्यांचा माल चिखलात गेला, त्यांना चालू राहिलेलं मीटर म्हणजे काय ते मी सांगायला नको. (याचा अर्थ होलसेलवाल्याला झुलवावं असा नाही. ऐपत असून देणं लांबवणं हा जुलूम आहे, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. आणि बाजाराची शिक्षा निराळी, पुढच्या सीझनला माल मिळत नाही.)

म्हणून त्याच्याकडून आलेलं बिल तळापर्यंत वाचा. बहुतेक छापील बिलांवर खाली बारीक अक्षरांत 'मुदतीनंतर १८ टक्के' किंवा '२४ टक्के व्याज' अशी ओळ असते. कोणी ती वसूल करत नाही म्हणून आपण सोडून देतो. तुमच्या दृष्टीने सगळा सौदा त्या ओळीवर अडतो. ती खोडून सही घ्या, किंवा दोघांच्या सहीचं एक पानी पत्र करा: मालाची यादी, एकच भाव, देण्याची तारीख, उशिराबद्दल वाढ नाही. सूरह बकराची २८२वी आयत मुदतीचं देणं लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असंच सांगते. बिल सरळ १०३ च्या भावाने बनवून घ्या. जादा तीन रुपयांवरचा जीएसटी तुम्हाला क्रेडिट म्हणून परत मिळतो. फक्त बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे गेले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह उलटवावं लागतं, तेव्हा मुदत कितीही वाढवून मिळाली तरी ती रेषा ओलांडू नका. होलसेलवाल्याऐवजी उद्या एखाद्या छोट्या कारखानदाराकडून थेट माल घेतलात आणि तो सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असला, तर कायद्याने मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस. तिथे नव्वद दिवसांची बोलणी करू नका.

पुराचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. जुलैत माल उचलू नका. ऑर्डर आधी पक्की करा, पण माल ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुकानपोच घ्या आणि 'दुकानपोच' हा शब्द पत्रात असू द्या. फिकहमध्ये साधारणपणे कब्जा मिळेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची असते. आपल्या कायद्यात मात्र काहीच ठरवलं नसेल तर माल ट्रान्सपोर्टवाल्याकडे दिला की ती तुमच्यावर येऊ शकते. ऑगस्टपासून नव्वद दिवस म्हणजे नोव्हेंबरची सुरुवात. गणपती, दसरा आणि बहुतेक वर्षी दिवाळीची खरेदीही त्यात बसते. स्टॉकच्या विम्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, भारतातल्या परिस्थितीत सवलत देणारेही आहेत. मुफ्तीसाहेबांना हा प्रश्न वेगळा विचारा, आणि दुकानाची जागा पुराच्या रेषेत आहे हे सांगूनच विचारा.

आता चुलत भाऊ. दहा लाखांवर महिना १५,००० म्हणजे वर्षाला १८ टक्के. तुमच्यापुढे आलेला सगळ्यांत महाग पैसा हाच, आणि नाव 'नफा' असलं तरी ठरावीक रक्कम ठरली की तो नफा राहत नाही. मुदारबाची, म्हणजे एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशा भागीदारीची, पहिली अटच ती: वाटा टक्क्यांत ठरतो, तोही झालेल्या नफ्याच्या टक्क्यांत, गुंतवलेल्या रकमेच्या नव्हे. तोटा झाला तर तो भांडवल देणाऱ्याचा, काम करणाऱ्याची मेहनत फुकट. त्याने हलगर्जी केली असेल तरच त्याच्यावर जबाबदारी.

धर्म बाजूला ठेवला तरी तुमच्या फायद्याचं तेच आहे. समजा त्याच्या दहा लाखांचा माल वर्षातून चार वेळा फिरला आणि ढोबळ नफा १२ टक्के सुटला. ४,८०,००० आले. जादा पोरगा, गोदाम, टेम्पो यांचे १,२०,००० गेले. उरले ३,६०,०००. ४०:६० वाटणीत त्याला १,४४,००० आणि तुम्हाला २,१६,०००. वर्ष मंद गेलं, माल अडीच वेळाच फिरला, तर खर्च जाऊन १,८०,००० उरतात. त्याला ७२,०००, तुम्हाला १,०८,०००. आता याच मंद वर्षात महिना १५,००० ची बोली लावून बघा. त्याचे वर्षाचे १,८०,००० होतात. तुमच्या हातात शून्य. वर्षभर काउंटरवर उभे तुम्ही.

भाऊ म्हणेल, मग मला खात्री कशाची? रास्त प्रश्न आहे. त्याला खात्री हिशोबाची द्या: या मालाचं वेगळं खातं, वेगळी खरेदी-विक्रीची वही, दर तिमाहीला स्टॉक मोजून त्याला पाठवणं. दोन टक्केवाल्या स्कीमबद्दल त्याला बंगळुरूची आयएमए आठवून द्या. हलाल गुंतवणूक म्हणून हजारो लोकांकडून घेतलेल्या पैशांसकट ती कंपनी जून २०१९ मध्ये बुडाली, आणि तिथे तर ठेवीदारांना कागदोपत्री एलएलपीत (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेत) भागीदार करून घेतलं होतं. कागदावर भागीदारी आणि हातात दरमहा नेमका परतावा, हे दिसलं की सेबी किंवा रिझर्व्ह बँकेची नोंदणी विचारावी. ती विचारली की बहुतेक वेळा समोरचा माणूस फोन उचलणं बंद करतो.

भावाला घ्यायचंच तर या सीझनला नको. दोन गोष्टी आधी सीएकडे बसून सोडवायला हव्यात. एक, तो एनआरआय. भारतातल्या भागीदारीत त्याचे पैसे साधारणपणे परदेशी परत न नेण्याच्या अटीवर येतात, आणि ते बँकेतूनच आले पाहिजेत, गावी आलेल्या कोणाच्या हाती रोख नव्हे. दोन, १९३२ च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला जबाबदार असतो. मुदारबात त्याचा तोटा भांडवलापुरता. हा मेळ साध्या भागीदारीत बसत नाही. एलएलपीत बसू शकतो, पण तिचा दरवर्षीचा खर्च दहा लाखांच्या धंद्याला परवडतो का ते बघावं लागेल. आणि करारपत्राचा तयार नमुना वापरणार असाल तर 'भागीदाराच्या भांडवलावर १२ टक्के व्याज' हे कलम त्यात जवळजवळ नेहमी असतं. करसवलतीसाठी ते घातलेलं असतं. काढायला सांगा, नाहीतर व्याज टाळायला केलेल्या करारात व्याजच बसलेलं असेल.

जकातीचं (संपत्तीतून दरवर्षी द्यायच्या सक्तीच्या दानाचं) तुम्ही विचारलं नाहीत, पण या योजनेत ती रोकड ओढणार आहे. दुकानातल्या मालावर अडीच टक्के, आजच्या विक्रीच्या भावाने. समजा तुमच्या जकातीच्या तारखेला माल १४ लाखांचा, रोकड दोन लाख, वसूल होणारी उधारी तीन लाख आणि देणं सहा लाख असेल, तर १३ लाखांवर ३२,५०० होतात. मुदतीचं देणं किती वजा करायचं यात मतं आहेत, ते विचारून घ्या. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतं, म्हणून मार्चच्या ताळेबंदावर विसंबू नका, त्या तारखेला स्टॉक वेगळा मोजा.

गिऱ्हाइकांना स्वतः हप्त्यावर माल द्यावा का, हा तुमचा जोडप्रश्न. यंदा नको. उशिराचा दंड तुम्ही स्वतःसाठी घेणार नाही आणि भांडवल तर आधीच गुंतलेलं. पुढे कराल तेव्हा किमतीचा एक तृतीयांश आधी, जामीन पक्का, आणि भाव पहिल्या दिवशी ठरलेला.

तर माझं मत असं: महिन्याभरात खपणारे पंखे आणि मिक्सर स्वतःच्या तीन लाखांतून, १०० च्या भावाने रोख, आणि ते पैसे सीझनमध्ये दोनदा तरी फिरवा. गीझर आणि इन्व्हर्टरसारखा रेंगाळणारा पाच लाखांचा माल १०३ च्या भावाने उधार. जादा खर्च १५,००० रुपये. सीसीचा अर्ज भरू नका. भावाला दिवाळीनंतर सीझनची वही पाठवा, त्यातला सुटलेला नफा बघून त्याला पाच लाखांवर वाट्याने यायचं असेल तर मग करारपत्राला बसा.