जुन्या स्पोर्ट्स कारसाठी रीकंडिशन केलेला स्टिअरिंग रॅक भरवशाचा आहे हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1998 ची बीएमडब्ल्यू झेड-3, मुक्काम मालवण, पावर स्टिअरिंगचा रॅक (स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी आणि तिचं घर) गळतोय, नवा परवडत नाही आणि ऑनलाइन रीकंडिशन केलेले चार-पाच रॅक दिसतायत, त्यातला कुठला घ्यावा. कुडाळला माझं गॅरेज आहे आणि रॅकचं काम आमच्याकडे सतत येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मत आधीच सांगतो: त्यातला कुठलाही घाईने घेऊ नका. तुमचाच रॅक उघडून बघा, आणि आतली दांडी चांगली निघाली तर तोच बांधून घ्या.

त्याआधी गळती खरंच रॅकची आहे का, एवढं नक्की करा. पंपाच्या होसला जिथे बॅंजो बोल्ट (ज्याच्या आतून तेल जातं तो पोकळ बोल्ट) असतो तिथले वॉशर दबले की तेल झिरपत खाली येतं आणि नेमकं रॅकच्या अंगावर जमतं. बघणाऱ्याला वाटतं रॅक गेला. रॅकच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट, म्हणजे दांडी झाकणारी घडीची आवरणं, हाताने दाबून बघा. आत तेल डचमळत असेल तर दांडीचे सील गेलेत. बूट कोरडे असतील तर सगळं स्वच्छ पुसा, इंजिन चालू ठेवून कुणालातरी स्टिअरिंग फिरवायला सांगा आणि टॉर्च लावून वरून खाली बघत या. दोन वॉशरांसाठी अख्खा रॅक बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

आता दांडीचं. आपल्या किनाऱ्यावर रॅक मरतो तो बहुतेक वेळा हिच्यामुळे. बूट फाटतो, पावसाचं पाणी आणि जांभ्याची तांबडी धूळ आत जाते, वर खारी हवा आहेच. दांडीला गंज धरतो आणि बारीक खड्डे पडतात. अशा दांडीवर कितीही भारी कंपनीचं सील बसवा, दर वळणाला त्याच्यावर पॉलिशपेपर फिरावा तसं ते झिजणार, आणि एका पावसाळ्यात गळती परत सुरू. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. दांडी एमरीने घासून चमकवतात, सील किट टाकतात, बाहेरून काळा रंग मारतात आणि रीकंडिशन म्हणून विकतात. रंग दिसतो, दांडी दिसत नाही. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच करा: दांडीचं काय केलंत? खड्डे असलेली दांडी एकतर बाद करायची, नाहीतर ग्राइंड करून, हार्ड क्रोम चढवून, पुन्हा मूळ मापाला ग्राइंड करायची. क्रोम फक्त सील फिरतं त्या गुळगुळीत भागावर, दातांवर नाही. 'पॉलिश केलंय' एवढंच उत्तर आलं तर तो रॅक सोडून द्या. बूट सरकवलेल्या दांडीचा फोटो मागा. प्रामाणिक कारागीर तो आनंदाने देतो.

दुसरी गोष्ट दातांची. गाडी जास्तीत जास्त सरळच चालते, त्यामुळे दात मधोमध झिजतात आणि टोकांना जवळजवळ नवे राहतात. मध्ये प्ले (सैलपणा) आला की दांडीला पिनियनवर (स्टिअरिंगने फिरणाऱ्या छोट्या दातेरी चाकावर) दाबणारा जो स्प्रिंगचा गुटका असतो, त्याचा स्क्रू आवळून तो लपवता येतो. मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग घट्ट वाटतं आणि पूर्ण वळवलं की अडकतं. आंबोली घाटात वळण संपल्यावर चाक आपसूक सरळ यायला हवं. ते आलं नाही तर घाटात काय होईल हे मी सांगायला नको. हे बसवण्याआधीच कळतं: रॅक व्हाइसला लावून पिनियन हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. जोर सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्ये सैल आणि टोकाला जड लागला तर दात गेलेत, आणि त्यावर कुठलंच सील किट उपाय नाही. दांडी व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून डायल गेजने वाकही बघून घ्या. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे पाहता ही तपासणी चैनीची नाही.

पिनियनच्या घरात व्हॉल्व्ह असतो, त्यावर टेफ्लॉनच्या रिंगा असतात. या रिंगांनी घराच्या आतल्या बाजूला खाचा पाडल्या असतील तर तेल आतल्या आत निसटतं. बाहेर थेंबही दिसत नाही, पण स्टिअरिंग एका बाजूला जड जातं. फक्त बाहेरचे सील बदलणारे लोक हे बघतच नाहीत.

दांडी वाया गेलेली निघाली तरच दुसरा रॅक शोधा. झेड-3 अमेरिकेत, स्पार्टनबर्गच्या कारखान्यात बनली, त्यामुळे ऑनलाइन दिसणारा बराच माल अमेरिकेतला, म्हणजे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचा असतो. तो आपल्या गाडीला उपयोगाचा नाही, कारण पिनियन दुसऱ्या टोकाला असतं. शोधायचा तर ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया किंवा दक्षिण आफ्रिकेचा. 'बीएमडब्ल्यू थ्री सिरीजचाच बसतो' असंही कुणी सांगेल. दोन्ही गाड्या नात्यातल्या आहेत हे खरं, पण ई-36 पिढीच्या थ्री सिरीजवाले मुद्दाम झेड-3 चा रॅक शोधून लावतात, कारण तो कमी फेऱ्यांत चाकं वळवतो. उलटा व्यवहार केलात तर तुमच्या गाडीची मजाच जाईल. तेव्हा रॅकवरच्या पट्टीवरचा नंबर जुळवा आणि टोकापासून टोकापर्यंत पिनियन किती फेरे फिरतं ते विचारा. परदेशी विक्रेते जुना रॅक परत पाठवण्यासाठी अनामत घेतात. तेवढं जड लोखंड परत पाठवायचं भाडं धरलंत तर ती अनामत बुडालीच समजा.

काम करून घ्यायला कोल्हापूर किंवा पुणे बरं, कारण ग्राइंडिंग आणि हार्ड क्रोम दोन्ही तिथे जवळजवळ मिळतं. कारागिराला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: उघडलेला रॅक बघायला मी स्वतः येणार, बांधल्यावर टेस्ट बेंचवर पंपाच्या पूर्ण दाबाला चालवून दाखवायचा, आणि जुने सुटे भाग मला परत द्यायचे. यावर कुरकुर करणाऱ्याकडे रॅक ठेवू नका. रॅक एंड (दांडीच्या दोन्ही टोकांचे सांधे) आणि बूट नवेच घ्या, रॅक एंड लेमफोर्डर कंपनीचे मिळाले तर उत्तम. गॅरंटी बिलावर लिहून घ्या, आणि काढण्या-बसवण्याची मजुरी त्यात धरली आहे का ते विचारा. बहुतेक ठिकाणी धरलेली नसते.

बसवताना जुनं तेल सगळं काढा, होस धुऊन घ्या आणि तेलाचा डबा नवा टाका. त्याच्या आत जाळी असते आणि जुन्या रॅकचा कचरा तिथे अडकलेला असतो. तोच कचरा नव्या सीलांत जातो. तेल कुठलं ते डब्याच्या झाकणावर लिहिलेलं असतं, एटीएफ किंवा सीएचएफ. जे लिहिलंय तेच, मिसळ नको. पुढची चाकं अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना सावकाश फिरवून हवा काढा, मगच इंजिन सुरू करा. नंतर अलाइनमेंट करा. आणि दरवर्षी मिरगाच्या आधी गाडी वर घेऊन बूट तपासा, चीर दिसली की त्याच आठवड्यात बदला.

आधी बूट दाबून बघा आणि आत तेल आहे की नाही ते इथेच कळवा. बूट सरकवून दांडीचा फोटो टाकलात तर ती वाचेल की नाही तेही सांगतो.