भूगोल गाइडवर निभावणार नाही

ताई, मी तेवीस वर्षांची. इतिहास घेऊन बी.ए. झाले, बी.एड.ची सीईटी दिली, मार्क बरे आहेत. हायस्कूलवर सामाजिक शास्त्रं शिकवायची हे आठवीपासून ठरलंय. आता तीन वाटा आहेत. कोल्हापूरचं एक कॉलेज आहे, नाव चांगलं, पण हजेरी कडक आणि हॉस्टेलचा खर्च. दुसरं आमच्या गावाजवळ, तिथे रोज जावं लागत नाही, सबमिशन आणि परीक्षा दिल्या की झालं. तिसरं म्हणजे आधी इतिहासात एम.ए. पप्पा म्हणतात, जवळचं घे, घरी बसून टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अभ्यास होईल. मैत्रीण म्हणते, एम.ए. कर. मला पानिपत शिकवायला मिळालं की बास. भूगोल तेवढा नको वाटतो. एफ.वाय.नंतर प्रॅक्टिकलच्या कंटाळ्याने सोडला होता, पण शाळेत द्यावाच लागला तर गाइडवर निभावेन. कोणतं घेऊ?
– एक वाचक, सांगली जिल्हा

तीन वाटांबद्दल तू भरभरून लिहिलंस आणि भूगोलाला जाता जाता एक वाक्य दिलंस. मी त्या वाक्यापाशीच अडले, आणि स्पष्ट सांगते, मला राग आला.

'द्यावाच लागला तर' म्हणजे काय? तो तुझ्याकडे येणारच आहे. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा आणि भूगोलाचाही ४० गुणांचाच. टीईटीचा सहावी ते आठवीसाठीचा पेपर १५० गुणांचा, त्यात सामाजिक शास्त्रांचे ६०, आणि त्यातही भूगोल आहे. गावाकडच्या शाळेत इतिहासाला एक आणि भूगोलाला वेगळे असे दोन शिक्षक कुठून असणार? दोन्ही तास एकाच बाईंकडे असतात. त्या बाई तू असशील. गाइड समोर धरून तुझा तास निभावेल गं, पण समोरच्या पोरांचं वर्ष वाया जाईल. त्या पोरांसाठी दुसऱ्या बाई येणार नाहीत.

आणि भूगोल टाळून तू पानिपत तरी कसं शिकवणार? १४ जानेवारी १७६१ ही तारीख सगळ्यांना पाठ असते. पण अफगाण बादशहा अब्दाली उत्तरेकडून आलेला आणि मराठे दक्षिणेतून गेलेले, तरी लढाईच्या दिवशी अब्दाली दिल्लीच्या बाजूला आणि मराठे त्याच्या उत्तरेला, हे उलटं कसं झालं? फळ्यावर यमुना काढल्याशिवाय हे सांगता येत नाही. वरून खाली एक रेघ ओढ. रेघेच्या डावीकडे वर कुंजपुरा, मध्ये पानिपत, खाली दिल्ली. रेघेच्या उजवीकडे, पानिपत आणि दिल्ली यांच्या मधल्या पट्ट्यात, बागपत. पावसाळ्यात नदी दुथडी भरलेली आणि अब्दाली पलीकडे दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या प्रदेशात. मराठ्यांनी दिल्ली घेतली, मग उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतला. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीला अब्दालीने बागपतपाशी यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. परतीचा रस्ता बंद, रसद तुटलेली, पुढचे अडीच महिने छावणीत खाण्यापिण्याचे हाल वाढत गेलेले. नदीला पूर कधी असतो, तो कधी ओसरतो, नदी ओलांडायला उतार कुठे मिळतो, दुआबात धान्य का पिकतं, हे सगळं समजलं तर पानिपत समजतं. गाइडमध्ये तुला 'रसद तुटल्यामुळे पराभव झाला' एवढंच मिळेल, आणि मुलं तेवढंच लिहितील.

म्हणून कोल्हापूर. दुसरं काही मी तुला सांगणार नाही.

जवळच्या कॉलेजचा विचार आजच सोडून दे. बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या नियमाप्रमाणे वर्गात ८० टक्के, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. इंटर्नशिप एकूण वीस आठवड्यांची. रोज न जाता हे कसं भरतं? कुणीतरी तुझी खोटी हजेरी लावतं म्हणून भरतं. आणि पुढे तूच मुलांना संविधान शिकवणार. पप्पांचं नाव मध्ये आणू नकोस, ते कॉलेज तुलाही सोयीचं वाटतंय. टीईटीचा अभ्यास हॉस्टेलवरही होतो. सराव पाठ मात्र घरी होत नाही. पाठ टाचण हातात, मागच्या बाकावर निरीक्षणाला बसलेले सर, आणि नकाशात दिशा चुकली म्हणून तास संपल्यावर त्यांनी वहीत मारलेला लाल शेरा, हे तुला हवंय. विशेषतः तुला, कारण तू प्रॅक्टिकलला कंटाळून विषय सोडणारी आहेस.

एम.ए. नंतर कर. अकरावी-बारावीला शिकवायचं झालं तर ते लागेल, पण नववी-दहावीला बी.एड. लागतंच.

प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, जिथे कॉलेजांचा पसंतीक्रम द्यायचा असतो, कोल्हापूर पहिलं टाक. त्याआधी कॉलेजला फोन करून विचार, इतिहासाबरोबर भूगोल ही दुसरी अध्यापन पद्धती, म्हणजे तो विषय कसा शिकवायचा याचा पेपर, मिळते का आणि ती शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत का. पदवीला तो विषय होता का, असं बऱ्याच ठिकाणी विचारतात, तेव्हा एफ.वाय.ची मार्कशीट शोधून ठेव. तरीही पद्धती मिळाली नाही, तर इंटर्नशिपच्या शाळेत भूगोलाचे तास स्वतः मागून घे. मुख्याध्यापक आनंदाने देतील.

आणि कॉलेज सुरू व्हायची वाट बघू नकोस. सहावी ते दहावीची भूगोलाची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, आजच उतरवून घे. सध्याच्या दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवून शिकवलंय. दोन्हींचे नकाशे हाताने काढ, नद्या भर. मग शेजारच्या एखाद्या पोराला बसवून सांग, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पाणी एवढं असून वस्ती विरळ आणि गंगेच्या खोऱ्यात दाट, असं का. तो मध्येच काहीतरी विचारेल आणि तुला उत्तर येणार नाही. ते प्रश्न वहीत लिहून ठेव आणि ती वही कोल्हापूरला घेऊन जा.